डिनाय की रिफ्यूज, बाय की अन्टिल: सारखे वाटणारे इंग्लिश शब्द निवडायचे कसे

आपलं इंग्लिश ग्रामरमध्ये कमी आणि शब्दात जास्त चुकतंय. वाक्य नीट असतंय, स्पेलिंग तर मोबाईलच दुरुस्त करून देतोय, पण शब्द नेमका शेजारचा पडलेला असतोय आणि ते मोबाईल सांगत नाही कारण स्पेलिंग बरोबर आहे ना. शिरोली एमआयडीसीतल्या दोस्तांचे मेल, महाद्वार रोडवरच्या दुकानांचे बोर्ड, गल्लीतल्या पोरांचे जॉबचे अर्ज, सगळं 'जरा इंग्लिश बघ की' म्हणून माझ्याकडं येत असतंय आणि त्यात त्याच त्याच जोड्या परत परत दिसतात. तर एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

मुळात घोळ कुठं होतोय बघा. मराठीत एक शब्द असतोय आणि इंग्लिशमध्ये त्याच्या जागी तीन-चार. 'नाकारणे' शोधलं की डिक्शनरी रिफ्यूज, डिनाय, रिजेक्ट, डिक्लाइन असे सगळे एका ओळीत देते, आणि आपण त्यातला जो जरा भारी वाटतोय तो उचलतो. इथंच थांबायचं. अर्थ बघून शब्द निवडायचा नाही कारण अर्थ सगळ्यांचा सारखाच दिसणार, शब्दाच्या पुढं काय येतंय ते बघायचं. पुढं माणूस येतोय का वस्तू येतेय, काम येतंय का बातमी, तारीख येतेय का किती दिवस ते. निम्म्या जोड्या एवढ्यावरच सुटतात.

कुस्तीपासून सुरू करू, कोल्हापुरात दुसरं कशापासून करणार. 'आय वन हिम' असं लिहिणारे लई आहेत. विनच्या पुढं माणूस येत नाही, विनच्या पुढं येते कुस्ती, मॅच, मेडल, गदा, इलेक्शन. माणूस किंवा टीम आली की बीट, जरा पेपरातल्यासारखं लिहायचं असेल तर डिफीट. खाशाबा जाधव 'वन' अ ब्राँझ मेडल, 1952, हेलसिंकी ऑलिंपिक, आणि तिथं ज्यांना त्यांनी हरवलं त्यांना 'बीट' केलं. हरणाऱ्याच्या बाजूनं लिहायचं असेल तर 'लॉस्ट टू हिम', 'लॉस्ट फ्रॉम हिम' नाही आणि 'लॉस्ट विथ हिम' तर अजिबात नाही, त्याचा अर्थ दोघं मिळून हरले असा होतोय. खासबागेत पैलवान चितपट झाला तर 'वन बाय फॉल'.

तसंच बरोबरीचं. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची फुटबॉल मॅच बरोबरीत सुटली तर ती 'ड्रॉ', अमेरिकन माणूस तिला 'टाय' म्हणेल, चालतंय. पण क्रिकेटमध्ये दोन्ही शब्द आहेत आणि दोन्ही वेगळे. सगळा खेळ पूर्ण झाला आणि धावा सारख्या झाल्या तर टाय, वेळ संपली आणि निकालच लागला नाही तर ड्रॉ. टेस्ट मॅच ड्रॉ होते, वनडे ड्रॉ होत नाही. मराठीत दोन्हीला आपण अनिर्णित, बरोबरी असं काहीबाही म्हणून मोकळे होतो.

आता मेल. इथं चुकलं तर नुसतं हसू होत नाही, पैसे जातात.

पहिलं नाकारणं. काम करायला नाही म्हटलं तर रिफ्यूज: 'द ड्रायव्हर रिफ्यूज्ड टू अनलोड'. आरोप किंवा बातमी खरी नाही असं म्हटलं तर डिनाय: 'दे डिनाइड द मिस्टेक'. समोर आलेली वस्तू किंवा प्रपोजल परत पाठवलं तर रिजेक्ट: 'दे रिजेक्टेड द लॉट', फाउंड्रीवाल्यांना हे सांगायला नको, रिजेक्शन तिथं रोजचं. आणि निमंत्रणाला किंवा ऑफरला सभ्यपणे नको म्हटलं तर डिक्लाइन. आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य म्हणजे 'द कस्टमर डिनाइड टू टेक द मटेरिअल'. डिनायच्या पुढं 'टू' आणि काम, असं येतच नाही. एक भानगड मात्र आहे, व्हिसा किंवा परमिशन मिळाली नाही तर 'परमिशन वॉज डिनाइड' असं सर्रास लिहितात आणि ते बरोबर आहे, म्हणजे हक्काची किंवा मागितलेली गोष्ट दिली नाही या अर्थानं. एवढा अपवाद लक्षात ठेवा.

दुसरं 'पर्यंत'. 'वी विल डिस्पॅच द मटेरिअल अन्टिल फ्रायडे' असं लिहिलंत तर समोरचा पुण्याचा असो नाहीतर जर्मनीचा, त्याला असं वाटणार की तुम्ही शुक्रवारपर्यंत रोज माल पाठवत राहणार. अन्टिल म्हणजे काम तोवर चालूच राहणार: 'द ऑफिस इज ओपन अन्टिल सिक्स'. बाय म्हणजे ही शेवटची मुदत, त्याच्या आत कधीतरी एकदा होणार: 'वी विल डिस्पॅच बाय फ्रायडे'. तपासायची सोपी पद्धत अशी की मराठीत 'पर्यंत'च्या जागी 'पर्यंत चालू' घालून बघायचं, वाक्य बसलं तर अन्टिल, आणि 'च्या आत' बसलं तर बाय. अजून एक, 'इन फोर डेज' आणि 'विदिन फोर डेज' एक नाही. इन म्हटलं की साधारण चार दिवसांनी, विदिन म्हटलं की चार दिवसांच्या आत कधीही, उद्यासुद्धा. कमिट करताना जपून.

'पासून'चं सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतंय तरी 'आय एम वर्किंग हिअर फ्रॉम टेन इयर्स' काही सुटत नाही. तारीख, साल, वार आला की सिन्स, किती काळ ते आलं की फॉर, आणि आधी 'आय हॅव बीन वर्किंग'. झालं.

खात्री देण्याचे तीन शब्द आहेत, अशुअर, एन्शुअर, इन्शुअर. अशुअरच्या पुढं माणूस: 'आय अशुअर यू'. एन्शुअरच्या पुढं गोष्ट: 'वी विल एन्शुअर द क्वालिटी'. इन्शुअर म्हणजे विमा. अमेरिकेत काही जण एन्शुअरच्या जागी पण इन्शुअर लिहितात, आपण कशाला नादाला लागायचं.

ज्यांचं काम मशीन शॉपचं आहे त्यांच्यासाठी इथं जरा थांबतो, कारण इथं शब्द बदलला की ड्रॉइंगचा अर्थ बदलतोय. 'अचूक' म्हणून आपण अ‍ॅक्युरेट आणि प्रिसाइज दोन्ही लिहितो. समजा 50 मिमीचा स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचा स्टीलचा ठोकळा आहे आणि तुमच्या मायक्रोमीटरनं तीनदा मोजल्यावर 50.21, 50.20, 50.21 आलं. रीडिंग एकमेकांच्या अगदी जवळ आहेत म्हणजे इन्स्ट्रुमेंट प्रिसाइज आहे, पण खऱ्या मापापासून सगळी लांब आहेत म्हणजे अ‍ॅक्युरेट नाही, झिरो सेट करायला झालाय. उलट 49.97, 50.03, 50.00 आलं तर सरासरी खऱ्या मापावर बसतेय पण रीडिंग पसरलेली, म्हणजे प्रिसिजन कमी. पार्टीला 'व्हेरी अ‍ॅक्युरेट मशीन' लिहून पाठवताना यातलं नक्की काय म्हणायचंय ते आधी ठरवा.

त्याच घरातली दुसरी जोडी टॉलरन्स आणि अलाउन्स. दोन्हीला आपण 'सूट' म्हणतो. टॉलरन्स म्हणजे माप चुकलं तरी कितीपर्यंत चालवून घेणार ते, प्लस मायनस. अलाउन्स म्हणजे आपण मुद्दाम, ठरवून ठेवलेला फरक. कास्ट आयर्न थंड होताना आकसतं, साधारण 1 टक्क्याच्या आसपास, म्हणून पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून करतात तो नमुना, तेवढा मोठा करतात, तो श्रिंकेज अलाउन्स. मशिनिंगसाठी जादा मटेरिअल ठेवतात तो मशिनिंग अलाउन्स. तिथं टॉलरन्स लिहिलं तर पॅटर्नवाला कपाळाला हात लावतोय.

दुकानांकडं येऊ. चप्पल लाइनमध्ये 'ओरिजिनल लेदर' असे बोर्ड ढीगभर. मराठीत 'अस्सल' एवढंच म्हणायचं असतंय पण इंग्लिशमध्ये त्याच्या तीन वाटा आहेत. नकली नाही एवढंच सांगायचं तर जेन्युइन, म्हणून 'जेन्युइन लेदर'. परंपरेनं, मूळ जागेच्या पद्धतीनं केलेलं सांगायचं तर ऑथेंटिक, 'ऑथेंटिक कोल्हापुरी'. आणि ओरिजिनल म्हणजे पहिलं, ज्यावरून बाकीचे निघाले ते, किंवा कुणाची तरी स्वतःची नवी कल्पना. तसंच 'ड्युप्लिकेट' म्हणजे आपल्याकडं बोगस माल, पण बाहेरच्या माणसाला ड्युप्लिकेट म्हणजे नुसती दुसरी प्रत, ड्युप्लिकेट किल्लीसारखी. बोगसला फेक, कायद्याच्या भाषेत काउंटरफिट. कोल्हापुरीला 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळं तक्रार लिहायची वेळ आली तर हा फरक कामाला येणारच.

आणि कृपा करून आपल्या मालाला 'चीप' लिहू नका राव. चीप म्हणजे स्वस्त खरं, पण त्याला हलक्या दर्जाचा वास आहे. अफोर्डेबल लिहा, रीझनेबल लिहा. हातानं शिवलेली चप्पल 'हँडमेड', घरी केलेला कांदा-लसूण मसाला 'होममेड'. चपलेवर होममेड लिहिलेलं मी वाचलंय, घरी चप्पल शिवणारं घर असेल तर हरकत नाही म्हणा.

शब्दाला किंमत किती असते ते प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या वेळी सगळ्यांनी बघितलं. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारख्या चपला आल्या, आधी नुसतं 'लेदर सँडल्स', कोल्हापूरचं नाव कुठं नाही, मग बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं भारतीय पारंपरिक चपलांवरून 'इन्स्पायर्ड' असल्याचं मान्य केलं. आता इन्स्पायर्ड बाय म्हणजे प्रेरणा घेतली, बेस्ड ऑन म्हणजे त्याच्याच आधारावर केलं, कॉपीड फ्रॉम म्हणजे उचललं. तिन्हीत वस्तू तीच, जबाबदारी मात्र वाढत जाते. मोठ्या कंपन्या यातला कुठला शब्द निवडतात ते बघत चला, लई शिकायला मिळतंय.

गुळाचं पण सांगतो, कारण पॅकिंगवर छापलं की परत खोडता येत नाही. 'नॅचरल', 'केमिकल-फ्री' आणि 'ऑरगॅनिक' हे तीन शब्द आपण एकाच अर्थानं फिरवतो. ऑरगॅनिक हा भारतात नियमातला शब्द आहे, 2017 चे एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचे नियम आहेत, त्यासाठी एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी योजनांखाली सर्टिफिकेशन लागतंय. गुळात केमिकल घातलं नाही म्हणून तो ऑरगॅनिक होत नाही, ऊस कसा पिकवला ते पण बघतात. आणि गुळाला ब्राउन शुगर लिहू नका, ती साधारणपणे साखरेत मळी मिसळून करतात, गूळ म्हणजे जॅगरी.

रश्श्याला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं हे हॉटेलवाले हमखास विचारतात. मेन्यूवर सगळ्याला 'ग्रेव्ही' छापलेलं असतंय. इंग्लंडातल्या माणसाला ग्रेव्ही म्हणजे भाजलेल्या मटणाच्या रसाचा घट्ट सॉस, वरून ओतायचा. तांबडा रस्सा पातळ, वाटीनं प्यायचा, त्याला 'थिन रेड मटन करी' म्हटलं तर अंदाज येतोय, नाहीतर सरळ तांबडा रस्साच लिहा आणि खाली एक ओळ समजावून द्या, माझं मत विचाराल तर तेच बरं. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, त्याला 'ब्रॉथ'. स्टॉक आणि ब्रॉथ जवळचे आहेत, पण स्टॉक सहसा दुसऱ्या पदार्थात घालायला करतात आणि ब्रॉथ तसाच पितात. आणि तिखट सांगताना नुसतं हॉट म्हणू नका, समोरच्याला वाटतंय गरम आहे, तो फुंकून घेतोय आणि मग डोळ्यातनं पाणी. स्पायसी म्हणा, तरी शंका वाटली तर 'लॉट ऑफ चिली' म्हणून सांगा.

पावसाळ्यात सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्लिशमध्ये अपडेट टाकायला लागतात, नातेवाईक बाहेर असतात ना. तिथं 'बुडाला' हा शब्द घात करतोय. माणूस पाण्यात बुडून गेला तर ड्राउन्ड, आणि हा शब्द गेलेल्या माणसालाच वापरायचा, वाचला असेल तर 'ऑलमोस्ट ड्राउन्ड'. नाव किंवा जहाज तळाला गेलं तर सँक. रस्ता, पूल, बंधारा जागेवरच आहे पण पाणी वरून गेलं तर सबमर्ज्ड किंवा 'अंडर वॉटर'. 'राजाराम बंधारा ड्राउन्ड' वाचून अमेरिकेतल्या पुतण्याचा फोन येणारच की. आणि त्या बंधाऱ्याला डॅम पण म्हणू नका. राधानगरी हा डॅम, मोठा साठा करणारा. राजाराम बंधारा हा वेअर, नदीचं पाणी थोडं अडवायचं आणि जादा झालं की वरून जाऊ द्यायचं, पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे आणि नंतर परत घालायचे. या पद्धतीचं इंजिनिअरिंगमधलं नावच 'कोल्हापूर टाइप वेअर' आहे, राज्यभर केटी वेअर म्हणतात, आणि आपणच त्याला डॅम लिहितो. तिथल्या 39 फुटांना वॉर्निंग लेव्हल आणि 43 फुटांना डेंजर लेव्हल, या दोन्हीची अदलाबदल केली तर लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निवांत राहतात. गल्लीत गटार तुंबून पाणी साचलं तर तो फ्लड नाही, वॉटरलॉगिंग.

काठाचं पण तसंच, पंचगंगेचा काठ बँक, रंकाळ्याचा शोअर, कोकणातला कोस्ट, आणि पाय बुडवायला जातो तो बीच.

फटाफट काही. उसने घेतले तर बॉरो, दिले तर लेंड. माणूस, झाड, ऊस, खांब टॉल, पण डोंगर हाय. उन्हातनं आडोशाला बसलात ती शेड, जमिनीवर पडलेली आकृती शॅडो. आठवण स्वतःला झाली तर रिमेंबर, दुसऱ्यानं करून दिली तर रिमाइंड, 'रिमेंबर मी टुमारो' म्हटलं तर समोरचा म्हणेल कुठं निघालास बाबा कायमचा. फॅन आणि लाइट क्लोज होत नाहीत, स्विच ऑफ होतात. शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा 50 टक्के राखीव जागांचा आदेश हिस्टॉरिक, म्हणजे इतिहास घडवणारा, आणि दप्तरखान्यातली कुठलीही जुनी कागदपत्रं हिस्टॉरिकल, म्हणजे इतिहासाशी संबंध असलेली. इकॉनॉमिक म्हणजे अर्थकारणाचं, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं, गाडी अ‍ॅव्हरेज चांगलं देते ती इकॉनॉमिकल. आणि 'इन्फेमस' म्हणजे लई फेमस नव्हे, कुप्रसिद्ध. मिसळ सेंटरच्या बोर्डावर लिहू नका.

यात नसलेली जोडी अडली तर काय करायचं? इंग्लिश-मराठी डिक्शनरी बाजूला ठेवा, ती इथं उपयोगाची नाही कारण ती दोन्ही शब्दांना एकच मराठी शब्द देणार. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनची लर्नर्स डिक्शनरी उघडा, ऑनलाइन फुकट आहेत, आणि त्यात व्याख्या वाचायची नाही, खाली दिलेली उदाहरणं वाचायची. चार-पाच वाक्यात शब्दाच्या पुढं काय येतंय ते बघा, तुमच्या वाक्यातली गोष्ट त्या जातीची आहे का ते जुळवा. तरी शंका राहिली तर तीन-चार शब्दांचा तुकडा अवतरणचिन्हात घालून गुगल करा आणि किती रिझल्ट आले ते बघू नका, कुठल्या साइटवर आलाय ते बघा. बाहेरच्या पेपरात, विद्यापीठांच्या साइटवर दिसला तर ठीक, नुसता आपल्याकडच्या टेंडरमध्ये दिसला तर सोडून द्या. भाषांतराच्या अ‍ॅपला एकटा शब्द देऊ नका, पूर्ण वाक्य द्या, आणि आलेलं इंग्लिश परत मराठीत करून बघा, अर्थ सरकला असेल तर लगेच कळतंय.

राहता राहिले आपले भारतीय इंग्लिशचे शब्द. हे चुकीचे नाहीत, इथं चालतात, सगळ्यांना कळतात, फक्त मेल परदेशात चाललाय का ते बघून वापरायचे. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे आपल्याला 'एक विचारायचंय', पण तिकडच्याला वाटतं तुमचा त्याच्यावर विश्वास नाही, म्हणून 'आय हॅव अ क्वेश्चन'. 'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे तिकडं 'पूर्वीच्या स्थितीला जा', त्याऐवजी रिप्लाय. 'आय पास्ड आउट इन 2018' म्हणजे 2018 साली चक्कर येऊन पडलो, बायोडेटावर ग्रॅज्युएटेड लिहा. आणि प्रीपोन आता डिक्शनऱ्यांतही आलाय, इंडियन इंग्लिश असा शिक्का मारून, मला स्वतःला तो शब्द लई आवडतो कारण पोस्टपोनच्या उलट एका शब्दात सांगणारा दुसरा कुठंय, पण इंग्लंडच्या पार्टीची मीटिंग अलीकडं आणायची असेल तर 'कॅन वी ब्रिंग द मीटिंग फॉरवर्ड टू ट्यूजडे' असंच लिहा, आणि नवीन तारीख आणि वेळ आकड्यात टाका.